तीन भोकं, तीन आकडे

मे महिन्यातली संध्याकाळ. पंखा फिरतोय, पण पाती मोजता येतील इतका हळू. फ्रिज सुरू व्हायची धडपड करतो, घुरघुरतो आणि ‘खट्’ आवाज करून गप्प बसतो. घरातलं कुणीतरी ड्रॉवरमधून टेस्टर काढतं, प्लगपॉइंटच्या उजव्या भोकात घालतं, वरच्या टोपीवर बोट ठेवतं. लाल दिवा लागतो. “लाइट तर आहे,” असा निर्वाळा मिळतो आणि टेस्टर परत ड्रॉवरमध्ये जातो.

टेस्टरला यापेक्षा जास्त काही सांगता येतच नाही. त्याच्या पोटात निऑन वायूची एक इवलीशी नळी असते आणि तिच्या मागे लाखो ओहमचा एक रोधक. फेजमधून निघालेला सूक्ष्म प्रवाह या दोघांतून, मग बोटातून, मग अंगातून जमिनीकडे जातो. म्हणजे टेस्टर धरणारा माणूस हाच त्या सर्किटचा एक तुकडा असतो. रोधक जागेवर आहे तोवर प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतकाच राहतो आणि काही जाणवत नाही. पण हा निऑन 230 व्होल्टला पेटतो, 170 व्होल्टलाही पेटतो. शेजारच्या तारेमुळे एखाद्या तुटक्या तारेत उमटलेल्या फसव्या व्होल्टेजवरही तो मंदसा उजळतो. उलट पायात जाड रबरी स्लीपर असेल, उभं राहायला कोरडं लाकडी स्टूल असेल, तर जिवंत फेजवरही त्याचा उजेड भर दिवसा दिसत नाही. वीज आहे की नाही याचं उत्तरही जिथे डळमळीत, तिथे किती आहे हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. तो प्रश्न मल्टिमीटरचा.

230 म्हणजे नेमकं काय

भारतातल्या घरांना मिळणारी वीज 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची असते. पण तारेतलं व्होल्टेज 230 वर क्षणभरही थांबलेलं नसतं. ते शून्यापासून चढत 325 पर्यंत जातं, उतरतं, शून्याखाली जाऊन उणे 325 गाठतं आणि परत येतं. एका सेकंदात अशा 50 फेऱ्या होतात. 230 ही या सगळ्या चढउताराची परिणामकारक किंमत असते. या बदलत्या विजेने एखादा हीटर जेवढा तापतो, तेवढाच तो तापवायला बॅटरीसारखी एका दिशेने वाहणारी वीज किती व्होल्टची लागेल, त्याचं उत्तर 230. या किमतीला आरएमएस म्हणतात. तारेवरच्या प्लॅस्टिकला आणि मीटरच्या प्रोबला मात्र प्रत्येक फेरीत 325 चं शिखर सोसावं लागतं.

पूर्वी आपल्याकडे 240 व्होल्ट हा ब्रिटिश पद्धतीचा आकडा चालायचा. जुन्या पंख्यांवरच्या पाट्यांवर तो अजून वाचायला मिळतो. जाहीर केलेल्या व्होल्टेजपेक्षा पुरवठा 6 टक्क्यांहून वर किंवा खाली जाऊ नये, अशी मर्यादा भारतीय विद्युत नियम, 1956 यांनी घरगुती पुरवठ्यासाठी घातली होती. 230 ला हा हिशेब लावला तर पट्टा येतो 216 ते 244 व्होल्टचा. घरात मोजताना डोळ्यांसमोर ठेवायला हा पट्टा सोयीचा आहे.

पट्ट्याखाली गेल्यावर काय होतं, ते त्या मे महिन्यातल्या फ्रिजने दाखवलं. हीटर, गिझर, इस्त्री यांसारख्या तापणाऱ्या वस्तूंची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 ऐवजी 170 व्होल्ट मिळाले तर 2000 वॅटचा गिझर जेमतेम 1100 वॅटचा उरतो आणि 15 मिनिटांत तापणारं पाणी 27 मिनिटं घेतं. मोटारीचा सुरुवातीचा जोरही असाच वर्गाने पडतो. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला पहिला धक्का मारता येत नाही, जागच्या जागी अडकलेली मोटार भरमसाट प्रवाह ओढते, तापते आणि तिचं ओव्हरलोड तिला तोडतं. ‘खट्’ आवाज तो.

मीटरची तीन भोकं

ब्रिटनच्या टपाल खात्यात टेलिफोनच्या लाइनींचं काम पाहणारे अभियंता डोनाल्ड मॅकडी यांना कामावर जाताना अनेक वेगवेगळी मीटरं वागवावी लागत. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत मोजणारं उपकरण त्यांनी घडवलं. ते 1923 मध्ये बाजारात आलं आणि तिन्ही एककांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘अ‍ॅव्हो’ हे नाव पडलं. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत मोटवाने कंपनीच्या काट्याच्या मल्टिमीटरवर अनेकांचे हात बसले. आता दोन-तीनशे रुपयांत पिवळ्या किंवा काळ्या डब्यातलं डिजिटल मीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात लटकलेलं दिसतं. मॅकडींनी एकत्र आणलेली ती तिन्ही कामं आजही एकाच डब्यात आहेत आणि घरगुती वापरातला सगळ्यात मोठा धोका त्यातूनच निघतो.

मीटरच्या तळाशी बहुधा तीन भोकं असतात. ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात काळी लीड कायमची. मधल्या, व्होल्ट आणि ओहमच्या खुणा असलेल्या भोकात लाल लीड. आणि एका कडेला तिसरं भोक, 10 अँपिअरचं.

व्होल्टेज मोजताना मीटर दोन तारांच्या मध्ये बसतं, पण स्वतःतून जवळजवळ काहीच जाऊ देत नाही. बऱ्या मीटरचा आतला अवरोध एक कोटी ओहमच्या घरात असतो, म्हणून 230 व्होल्टवर त्यातून 23 मायक्रोअँपिअरच जातात. प्रवाह मोजायची रीत याच्या उलट. तिथे सगळा प्रवाह मीटरमधूनच न्यायचा असतो, म्हणून 10 अँपिअरच्या भोकामागे तांब्यासारखी एक जाड पट्टी असते, तिचा अवरोध शून्याला टेकलेला. लाल लीड त्या भोकात राहिली आणि प्रोब प्लगमध्ये घातले, तर ती फेज आणि न्यूट्रलमध्ये टाकलेली लोखंडी सळईच झाली. शंभरावर अँपिअरचा प्रवाह, डोळे दिपवणारी ठिणगी, प्रोबची वितळलेली टोकं. गोल बटण व्होल्टवर फिरवलेलं असलं तरी पुष्कळ मीटरांत ते वाचवत नाही, कारण ती पट्टी थेट दोन भोकांमध्ये जोडलेली असते. स्वस्त मीटरांवर या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. याचा अर्थ, मध्ये फ्यूजही नाही.

म्हणून मीटर हातात घेतल्यावर पहिली नजर आकड्यांच्या पडद्यावर नव्हे, लाल लीडच्या बुडख्यावर जायला हवी.

दुसरी नजर बटणावर. त्यावर ‘व्ही’ हे अक्षर दोनदा असतं. एकापुढे सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ, तो भाग बॅटरीसाठी. दुसऱ्यापुढे नागमोडी लाट, तो घरच्या विजेसाठी. चुकून सरळ रेघेवर ठेवून प्लग मोजला तर पडदा शून्याच्या आसपास काहीतरी दाखवतो आणि जिवंत तार मेलेली वाटते. ही चूक ठिणगीपेक्षा जास्त घातक, कारण ती आवाज करत नाही. लाटेच्या बाजूलाही दोन टप्पे असतील, उदाहरणार्थ 200 आणि 600, तर नेहमी वरचाच निवडायचा. 230 हे 200 मध्ये मावत नाहीत.

मीटरवर ‘कॅट’ अशी आणखी एक खूण असते. विजेच्या लाइनीवर वीज कोसळते तेव्हा किंवा जवळपासची मोठी मोटार बंद होते तेव्हा सेकंदाच्या दशलक्षांश भागापुरती हजारो व्होल्टची लाट घरापर्यंत येते. त्या क्षणी प्रोब हातात असले तर मीटरने ती लाट पोटात घ्यायला हवी. कॅट-दोन ही प्लगला लावायच्या उपकरणांसाठीची पायरी, कॅट-तीन घरातल्या डीबीसाठी, म्हणजे मेन स्विच-फ्यूजच्या पेटीसाठी, आणि भिंतीतल्या वायरिंगसाठी, कॅट-चार जिथे लाइन घरात शिरते तिथली. कॅट-तीन, 600 व्होल्ट असा दर्जा खरोखर मिळवलेलं मीटर 6000 व्होल्टच्या लाटेच्या चाचणीतून गेलेलं असतं. अगदी स्वस्त मीटरवर हा छाप असला तरी आतली बनावट तशी असेलच असं नाही. घरच्या विजेसाठी नावाजलेल्या बनावटीचं, आत फ्यूज असलेलं कॅट-तीनचं मीटर घेणं हा खर्च वाया जात नाही. दोन-तीनशे रुपयांचं मीटर बॅटऱ्या आणि रिमोट तपासायला उत्तम आहे, तिथेच ते राहावं.

अंगातून जाणारी वाट

अमेरिकेत बर्कलीला शिकवणारे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिल यांनी माणसाच्या शरीरावर विजेचा परिणाम काय होतो हे वर्षानुवर्षं मोजलं. माणूस तारेला चिकटतो असं आपण म्हणतो, त्यामागचा आकडा अशा अभ्यासातून स्पष्ट झाला. 10 मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ स्वतःहून सुटत नाही. त्याहून वरचा प्रवाह छातीतून काही क्षण वाहत राहिला तर हृदयाचा ताल बिघडू शकतो. घरातल्या डीबीत बसवतात तो आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची गळती दिसताच पुरवठा तोडतो, तो आकडा याच हिशेबातून आलेला.

शरीराचा अवरोध एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत साधारण 1000 ते 2000 ओहम धरला, तर 230 व्होल्टवर 115 ते 230 मिलिअँपिअर वाहू शकतात. घामेजलेले हात, ओली फरशी, अनवाणी पाय यांनी ही संख्या चढते. आणि दोन्ही हातांत एकेक उघडं टोक असेल तर वाट सरळ छातीतून जाते. आरसीसीबी इथे मदतीलाही येत नाही, कारण फेजमधून निघालेला प्रवाह अंगातून न्यूट्रलमध्येच परत गेला तर त्याच्या दृष्टीने गळती झालेलीच नसते. जुने वायरमन नव्या पोराला “एक हात खिशात ठेव” असं सांगतात ते यासाठी.

हात लावण्याआधी

घरमालकाने काय मोजावं आणि काय नाही, ही हद्द आधी आखलेली बरी. प्लगपॉइंट मोजावा. डीबीचं झाकण उघडून आतल्या पट्ट्या, किटकॅटचा फ्यूज, मेन स्विच आणि महावितरणच्या मीटरची टोकं हे काम परवानाधारक वायरमनचं. डीपीवरचं, म्हणजे रोहित्रावरचं, किंवा खांबावरचं काम लाइनमनशिवाय कुणाचंच नाही.

मोजायला उजेडाची वेळ बरी. पायात कोरड्या रबरी चपला, बोटांत अंगठी नाही, मनगटात कडं नाही, हात पुसलेले, लहान मुलं दुसऱ्या खोलीत आणि घरात आणखी एक मोठं माणूस. लीडची वायर बोटांनी चाचपून कुठे चिरली नाही ना, हे पाहायचं. प्रोबच्या मुठीवर बोटं पुढे घसरू नयेत म्हणून एक उंचवटा असतो, बोटं कायम त्याच्या मागे.

भारतातल्या घरांना इथे एक मोठी सोय आहे. आपल्या बोर्डावर प्रत्येक प्लगपॉइंटला स्वतःचं बटण असतं. जिवंत भोकात प्रोब खुपसायची गरजच नाही. बटण बंद करायचं, आधी काळा प्रोब, मग लाल प्रोब भोकात नीट बसवायचा, हात काढून घ्यायचे, मग एका बोटाने बटण चालू करायचं. आकडा वाचायचा, बटण बंद करायचं, आधी लाल काढायचा, मग काळा. मात्र बटण बंद आहे म्हणून भोक मेलेलं आहे असं धरायचं नाही. हे बटण फक्त एकच तार तोडतं. कुणी चुकून ते न्यूट्रलवर जोडलं असेल तर बटण बंद असतानाही फेजच्या भोकात 230 व्होल्ट उभे असतात. त्यामुळे प्रोब बसवतानाही हाताळणी जिवंत तारेसारखीच.

नव्या मॉड्युलर सॉकेटमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी आत पडदे असतात. पिना एकत्र आत गेल्याशिवाय ते सरकत नाहीत आणि एकटा प्रोब अडतो. तिथे स्क्रूड्रायव्हरने पडदा उचकटणं हा अपघाताला दिलेलं आमंत्रण ठरतं. पडदे नसलेला, चांगल्या स्थितीतला तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड त्या सॉकेटला लावावा आणि त्याच्या भोकांत मोजावं.

मोजायला सुरुवात करण्याआधी मीटरचीच परीक्षा घ्यायची. चालू आहे हे ठाऊक असलेल्या एखाद्या प्लगवर ते नीट आकडा दाखवतं का, ते पाहायचं. मग हवा तो प्लग मोजायचा. आणि तिथे शून्य आलं तर परत पहिल्या प्लगवर जाऊन मीटर अजून शाबूत आहे याची खात्री करायची. मधल्या दोन मिनिटांत लीड आतून तुटली किंवा बॅटरी बसली, तरी पडदा शून्यच दाखवणार. जिवंत, मेलेलं, पुन्हा जिवंत, अशी ही तीन टप्प्यांची साक्ष.

बोर्डावरचे तीन आकडे

आपल्या सॉकेटच्या तोंडाकडे पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, खालचं उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. तीन भोकांतून दोन-दोनच्या तीन जोड्या होतात आणि तिन्ही मोजल्याशिवाय घराची तब्येत कळत नाही.

फेज आणि न्यूट्रल यांच्यात 216 ते 244. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढाच आकडा यायला हवा. तिथे 90, 115, 140 असं काहीतरी तरंगतं, हलतं व्होल्टेज दिसलं तर अर्थची तार बहुधा कुठेतरी तुटली आहे किंवा मुळात ओढलेलीच नाही. संगणकाच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ती तक्रार याच घरातली. संगणकाच्या पुरवठ्यात गोंगाट गाळणारे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या डब्याला जोडलेले असतात. अर्थ असेल तर त्यांची चिमूटभर गळती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर डबा दोघांच्या बरोबर मध्ये, 115 व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो.

फेज-अर्थमध्ये 230 आले म्हणून अर्थिंग ठणठणीत, असंही नाही. मल्टिमीटरला 23 मायक्रोअँपिअर पुरतात, तेवढे उन्हाळ्यात वाळून भेगाळलेल्या खड्ड्यातूनही परत जातात. शॉर्ट झाल्यावर अर्थमधून पन्नास अँपिअर जातील की नाही, हे तपासायला वेगळा अर्थ टेस्टर लागतो. काही वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब लावून पाहतात. ही रीत सोडून द्यावी अशी आहे. अर्थ तुटलेला असेल तर बल्बमधून येणारी वीज त्याच तारेवरच्या फ्रिजच्या, गिझरच्या, वॉशिंग मशीनच्या अंगावर उभी राहते, आणि स्वयंपाकघरात त्या क्षणी कुणीतरी फ्रिज उघडत असतं.

तिसरी जोडी न्यूट्रल आणि अर्थची. इथे दोन-तीन व्होल्टपर्यंतचा आकडा स्वाभाविक. न्यूट्रलमधून प्रवाह परत जात असतो आणि तारेच्या लांबीत थोडं व्होल्टेज सांडतंच. आकडा दहाच्या पुढे गेला तर न्यूट्रलमध्ये लूज कनेक्शन असण्याचा संशय धरावा. 230 आले तर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेत किंवा न्यूट्रल कुठेतरी तुटलाय. आणि घरात भरपूर लोड चालू असतानाही तो अगदी 0.0 वर बसलेला असेल तर सॉकेटच्या मागे कुणीतरी न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनेला जोडून वेळ मारून नेलेली असू शकते. ही चलाखी दिसायला निरुपद्रवी असते. पण मागे न्यूट्रल तुटला की फेज उपकरणातून फिरून त्याच्याच धातूच्या अंगावर येतो.

इस्त्री लावून पुन्हा

रिकाम्या प्लगवर सगळं छान दिसतं. तारेचं खरं रूप ओझ्याखाली उघडं पडतं. एक्स्टेंशन बोर्डाच्या एका सॉकेटमध्ये 1000 वॅटची इस्त्री लावायची आणि शेजारच्या सॉकेटमध्ये इस्त्री बंद असताना आणि चालू असताना मोजायचं. चार-पाच व्होल्टचा फरक पडला तर ठीक. 228 वरून आकडा 208 वर कोसळला तर थांबून विचार करायला हवा.

हिशेब असा. 1000 वॅटची इस्त्री 208 व्होल्टवर सुमारे 3.9 अँपिअर घेते. वाटेत गहाळ झालेले 20 व्होल्ट गुणिले 3.9 अँपिअर म्हणजे साधारण 80 वॅट. एवढी उष्णता इस्त्रीत पोहोचतच नाही, ती वाटेतच कुठेतरी निघते. सगळी तार बारीक आणि लांब असेल तर ती लांबीभर विखुरते. पण एकाच सैल स्क्रूखाली किंवा पिळून टेप मारलेल्या एकाच जोडावर ती साचत असेल, तर तिथे 25 वॅटच्या तीन सोल्डरिंग गनची धग एकवटलेली असते. सॉकेटचं पिवळं पडलेलं प्लॅस्टिक, जळकट वास, काळा झालेला पिनेचा एक पाय ही त्याची पुढची पायरी. मल्टिमीटर हा दोष वास येण्याच्या कितीतरी आधी दाखवतं.

भुताचे व्होल्ट

बटण बंद केलं, तरी दिव्याच्या होल्डरमध्ये मीटर 40, 60, कधी 90 व्होल्ट दाखवतं. घर जुनं असेल तर लोक घाबरतात. खरं तर एकाच पाइपातून दोन तारा बरंच अंतर शेजारी शेजारी धावतात, तेव्हा त्यांच्यात एक नकळत कपॅसिटर तयार होतो आणि जिवंत तारेची सावली मेलेल्या तारेवर पडते. या सावलीत ताकद नसते. पण मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून सावली मोडत नाही आणि आकडा दिसत राहतो. एलईडी दिवे बंद केल्यावरही मंद लुकलुकतात, त्यामागेही अनेकदा हेच कारण. काही चांगल्या मीटरांवर कमी अवरोधाचा खास टप्पा असतो. तो लावला की भूत पळतं आणि खरं व्होल्टेज असेल तर आकडा टिकून राहतो. तो टप्पा नसेल तर शंका सावलीची असली तरी वागणूक जिवंत तारेचीच ठेवायची.

इन्व्हर्टरच्या घरात उलटा घोटाळा होतो. मेन बंद केला की घर मेलं, अशी समजूत असते, पण इन्व्हर्टर तेवढ्यात जागा होतो आणि काही पंखे-दिव्यांच्या लाइनीत पुन्हा 230 व्होल्ट सोडतो. काम करायचं असेल तर इन्व्हर्टरचाही स्विच बंद करून, मग मोजून बघायचं. त्याच्या विजेवर मीटरचा आकडाही जपून वाचावा. साधं मीटर गुळगुळीत लाट गृहीत धरून हिशेब करतं. चौकोनी लाट देणाऱ्या इन्व्हर्टरवर ते खऱ्यापेक्षा 11 टक्के जास्त दाखवू शकतं. मीटरवर ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेलं असेल तर हा घोळ टळतो.

न्यूट्रल उडतो तेव्हा

सोसायटीत रात्री अचानक एका घरातले दिवे डोळे दिपवतात, शेजारच्या घरातले विझू विझू होतात, कुठेतरी टीव्हीतून धूर येतो. “व्होल्टेज वाढलं,” असं म्हणतात. बहुतेक वेळा झालेलं असतं ते वेगळंच.

इमारतीला तीन फेज येतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट, पण कुठल्याही दोन फेजमध्ये 400. प्रत्येक घर एकेका फेजवर असतं आणि सगळ्यांचा न्यूट्रल एकच. तो सामाईक न्यूट्रल खालच्या पॅनेलमध्ये जळाला किंवा निसटला, तर दोन वेगळ्या फेजवरची दोन घरं एकमेकांच्या मागे रांगेत लागल्यासारखी होतात आणि मिळून 400 व्होल्ट वाटून घेतात. वाटणी समान नसते. समजा, एका घरात 1000 वॅटची इस्त्री चालू आहे, तिचा अवरोध 53 ओहम. दुसऱ्या घरात फक्त 100 वॅटचा लोड, अवरोध 529 ओहम. इस्त्रीच्या वाट्याला येतात जेमतेम 36 व्होल्ट आणि शेजारच्या टीव्हीच्या वाट्याला 364. ज्या घरात कमी वस्तू चालू, त्याच घरातल्या वस्तू जळतात.

याची चाहूल आधी लागते. घरातला दिवा शेजाऱ्याची मोटार चालू झाली की उजळतो आणि बंद झाली की मंदावतो. न्यूट्रल-अर्थचा आकडा दिवसागणिक वाढत जातो. फेज-न्यूट्रलमध्ये कधी 190, कधी 260 असे झोके दिसतात. आणखी एक खूण टेस्टरचीच. न्यूट्रल तुटलेला असताना एखादं उपकरण चालू ठेवलं तर फेज त्यातून फिरून न्यूट्रलच्या भोकातही येतो आणि दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. वायरमन याला रिटर्न सप्लाय म्हणतात. मल्टिमीटर अशा वेळी फेज-न्यूट्रलमध्ये शून्याजवळचा आकडा दाखवतं, कारण दोन्ही भोकं सारख्याच उंचीवर असतात. ते शून्य पाहून तारेला हात लावणाऱ्याला दोन्हीकडून झटका बसेल. न्यूट्रल-अर्थ ही तिसरी जोडी मोजली की 230 दिसतात.

असे झोके दिसले की मोजत बसायचं नाही. घराचा मेन स्विच बंद करायचा, शेजाऱ्यांना सांगायचं आणि तक्रार नोंदवायची.

वहीतला आठवडा

गावाकडची तक्रार बहुतेक वेळा कमी व्होल्टेजची. 63 किंवा 100 केव्हीएच्या डीपीवरून निघालेली लाइन वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचते तोवर पंप, गिरणी आणि घरं यांनी तिचे व्होल्ट वाटेतच संपवलेले असतात. “लाइट डिम आहे,” ही तोंडी तक्रार तिथेच विरते, कारण लाइनमन दुपारी येतो तेव्हा आकडा ठीक असतो. तिथे मल्टिमीटरचा खरा उपयोग होतो. एकच प्लगपॉइंट, पहाटे पाचला, दुपारी एकला, संध्याकाळी साडेसातला आणि रात्री दहाला, सात दिवस. प्रत्येक आकड्यापुढे पंप चालू होते का, पाऊस होता का, एवढी एक ओळ.

पहाटे 232 आणि साडेसातला 171 असेल तर प्रश्न लाइनीवरच्या ओझ्याचा. चारही वेळा 175 असेल आणि शेजाऱ्याकडे 225, तर बिघाड घराच्या सर्व्हिस वायरीत किंवा आतल्या जोडात. हा कागद जोडून केलेला लेखी अर्ज आणि 1912 वर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक यांना नुसत्या कुरकुरीपेक्षा वजन येतं, आणि वायरमनचाही अर्धा दिवस वाचतो.

काही घरांत असा कागद डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. वरती तारीख, खाली तीन रकाने, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. दर दिवाळीच्या साफसफाईत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्यात एकेक ओळ वाढते. पहिल्या वर्षी न्यूट्रल-अर्थखाली 1.4 असतं, दुसऱ्या वर्षी 2, तिसऱ्या वर्षी 6.8. वायरमन झाकण उघडतो, पिशवी खाली ठेवण्याआधी कागद वाचतो आणि थेट न्यूट्रलच्या पट्टीवरचा स्क्रू आवळायला घेतो.